बसमधली कुणी बाई

ॲन आर्बर
१९ जानेवारी

शंतनू,

हे कागदावर लिहिते आहे, कारण कागद फॉरवर्ड करता येत नाही. तू काय, याचाही फोटो काढून ग्रुपवर टाकशील, आणि खाली लोक लिहितील, वा शंतनूराव, काय अक्षर आहे! म्हणून आधीच सांगून ठेवते. अक्षर माझं आहे, राग माझा आहे, आणि खाली सहीसुद्धा माझीच असेल.

आपल्या खालच्या मजल्यावर राहायची ती प्रीता आता तुमच्या रेडमंडच्या मराठी मंडळात कमिटीवर आहे, हे मला काल कळलं. तुझ्याकडून नाही, तिच्याकडून. "अगं गिरिजा, किती लपवून ठेवलंस यार! शंतनूमध्ये एवढा आर्टिस्ट आहे, आम्हाला पत्ताच नव्हता!" आणि सोबत एक फोटो. संक्रांतीचा कार्यक्रम, तू स्टेजवर, अंगात मी घेतलेला काळा कुर्ता, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि मागच्या पडद्यावर भिंतभर माझा फोटो. माझा म्हणजे मी काढलेला. हे असं फोड करून सांगावं लागतंय, यातच सगळं आलं.

रविवार होता, तरी मी लॅबमध्ये होते. माशांना रविवार नसतो. हातात त्यांच्या खाण्याची बाटली तशीच, आणि मी टाक्यांसमोर उभी. मासे काचेला तोंड लावून वाट बघत होते. त्यांना खायला घातलं, मग पुन्हा फोन उघडला, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कुठला फोटो आहे तो, ठाऊक आहे तुला? तू म्हणशील, बर्फातल्या बाईचा. मी सांगते. डिसेंबरात एकदा रात्रभर बर्फ पडला आणि गावातल्या शाळा बंद झाल्या. लॅब बंद होत नाही, म्हणून मी बसमध्ये होते. बाहेर अजून अंधार. शाळेच्या कोपऱ्यावर बस थांबली, मी काच पुसली, तर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई नारिंगी जाकीट घालून, हातात 'स्टॉप'ची पाटी धरून उभी. तिला सुट्टीचा निरोप पोचलाच नव्हता. रस्त्यावर एक मूल नाही, आणि ती आपली उभी आहे, कुणीतरी येईल म्हणून. मला आधी हसू आलं आणि मग हसवेना. हातमोजा काढला आणि फोन धरला. बसमध्ये दिवे होते, त्यामुळे काचेवर मीही पुसटशी उमटले, फोन धरलेला हात, अर्धा चेहरा आणि डोक्यावर आईंनी विणलेली मोरपिशी कानटोपी, पिवळ्या गोंड्याची. काढताना मला ते दिसलं होतं. राहू दे म्हटलं.

तो फोटो मी तुला पाठवला होता. तुला एकट्याला.

टाळ्यांच्या आवाजात विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. दोन हिवाळ्यांपूर्वी तू तिकडची नोकरी घेतलीस आणि मला म्हणालास, लॅब सोड आणि चल. मी नाही म्हटलं. तू म्हणालास, "माशांना खायला घालायला कुणीही मिळेल." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. मग बोलणंच संपलं. गाडी तू घेऊन गेलास, कारण तिकडे गाडीशिवाय चालत नाही आणि इकडे मला बस आहे. जाताना दारात म्हणालास, "निदान जिवंत आहेस एवढं तरी कळवत जा."

म्हणून रोज सकाळी बसमधून एक फोटो. त्याच्यासोबत शब्द नाही. बसमध्ये बसले, निघाले, जिवंत आहे. तुझ्याकडून फक्त पाहिल्याच्या निळ्या टिका. इतके दिवस नुसत्या निळ्या टिका. मला वाटायचं, उघडतोस आणि बंद करतोस. तू तर निवडत होतास!

प्रीताकडून मी तो ग्रुपवरचा सगळा संवाद मागवला. तू फोटो टाकलास, एक शब्द न लिहिता. खाली रांग लागली. वा शंतनूराव. काय नजर आहे. सर, कोणता कॅमेरा? आणि सगळ्यात खाली तुझं उत्तर, जोडलेले दोन हात. बस. खोटं बोलला नाहीस तू, मान्य आहे. आपल्या लोकांची ही सोयच आहे. हात जोडले की हो पण नाही आणि नाही पण नाही, वर माणूस विनम्र ठरतो. त्या दोन हातांवर संक्रांतीच्या सत्कारासाठी तुझी निवड झाली, शाल आली, नारळ आला.

आणि स्टेजवर? व्हिडिओ पाहिला मी. "बाहेरचं काही दिसायचं तर काच पुसावी लागते, आणि काच पुसायची तर हातमोजा काढावा लागतो. बोटं बधिर होतात, पण त्याशिवाय फोटो नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंतनू, ते वाक्य माझं आहे. मी तुला पाठवलेलं एकुलतं एक वाक्य. मागच्या फेब्रुवारीत एका फोटोखाली लिहिलं होतं, आणि दिवसभर वाट पाहिली होती, आज तरी काही म्हणशील म्हणून. म्हणालास की. वर्षभराने, माइकवर.

गाडी नेलीस तेव्हा मला बस उरली होती. आता बसही नेलीस.

मंडळाला सांग. एक ओळ पुरे, फोटो गिरिजाने काढला आहे. हात जोडू नकोस, लिही.

गिरिजा


२८ जानेवारी

शंतनू,

तुझा आवाज ऐकला. पत्राला उत्तर म्हणून व्हॉइस मेसेज पाठवणारा तूच. स्वयंपाक करता करता बोलत होतास, मागे फोडणीचा आवाज येत होता. मोहरी जळली तुझी. कळतं मला.

"अगं, नवरा-बायकोत क्रेडिट कसलं? तुझं ते माझं, माझं ते तुझं. आणि मी कुठे म्हटलं मी काढला म्हणून? कुणी विचारलंच नाही."

तुझं ते माझं? मागे एकदा तुझ्या टीममधल्या कुणीतरी तुझं काम आपलं म्हणून मीटिंगमध्ये दाखवलं, तर आठवडाभर धड जेवला नव्हतास तू. मी ताट झाकून ठेवत होते, आणि तू भिंतीकडे बघत म्हणत होतास, "माझं नाव घ्यायला काय जात होतं त्याचं?" मी तेव्हा म्हटलं नाही की जाऊ दे रे, टीममध्ये क्रेडिट कसलं. तुझ्या बाजूने भांडले, त्या माणसाला न भेटता शिव्या घातल्या. आता तूच सांग, माझं नाव घ्यायला काय जात होतं तुझं?

माझं ते तुझं, एवढा अर्धाच भाग आपल्या घरात चालत आला. माझे पोहे तुझ्या मित्रांत 'आमच्याकडचे पोहे' होतात. आन्याचं मराठी मी घासून घेतलं, ते 'आम्ही घरात मराठीच बोलतो' झालं. मी कधी काही म्हटलं नाही, कारण पोहे संपतात आणि मराठी आपल्या लेकीचं आहे. पण हा फोटो म्हणजे पोहे नव्हेत.

आन्याला फोनवर सांगितलं. शिकागोहून आपली लेक म्हणते, "मॉम, दॅट्स लिटरली थेफ्ट." मला बरं वाटलं. मग म्हणाली, "बट वेट, डॅड सेव्ह्ड युअर पिक्चर्स? ही ॲक्च्युअली लुक्स ॲट देम?" मी फोन ठेवला. तिला दोन्हीकडून खेळायची सवय आहे, तुझ्यावर गेली आहे.

तुझा पुढचा मुद्दा. पाडव्याला तुमच्या मंडळाची दिनदर्शिका निघणार, मुखपृष्ठावर हाच फोटो, आणि कमिटी म्हणते की वहिनींनाही बोलवा, जोडीने सत्कार करू. म्हणजे नारळ एकच, हात चार. ही भरपाई का? तुला वाटतंय मला शाल हवी आहे. माझ्याकडे शाली आहेत. मला एवढंच हवं आहे की त्या फोटोकडे बघणाऱ्याला कळावं, काचेच्या अलीकडे कोण बसलं होतं.

नाव लावलंस का ते कळव. सकाळचा फोटो येत राहील, कारण मी शब्द दिला आहे. तो कुणालाही पाठवलास तर याद राख.

गिरिजा


११ फेब्रुवारी

शंतनू,

प्रीताने सांगितलं, तू कमिटीला लिहिलंस. 'छायाचित्र माझ्या पत्नीने काढले आहे, गैरसमज झाला, क्षमस्व.' गैरसमज आपोआप झाला, पाऊस पडल्यासारखा, तू काही केलं नाहीस, हे वाचून दात खाल्ले मी. पण लिहिलंस. तेवढं धरते.

आणि मग तुझा तो मोठा मेसेज. मी बसमध्ये वाचला आणि माझा थांबा चुकला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करतोस, फोटो उघडतोस, बघतोस, आणि मग आत जातोस. रोज. पावसात काचेवर पाणी ओघळत असतं आणि तुझ्या हातात माझा बर्फ असतो, असं लिहिलंस. "बोलायला सुरुवात कशी करायची ते कळत नव्हतं, म्हणून नुसता बघत राहिलो. ग्रुपवर टाकला तो दाखवायला म्हणून, माझ्याकडे काय येतं ते."

हे तू आधी का नाही लिहिलंस रे? वाट बघून बघून माझी काय दशा झाली होती! सकाळी बसमध्ये चढले की मी आता खिडकी शोधते, माणसं शोधते. बर्फाने माखलेले बूट, कुणाच्या मांडीवरचा केकचा खोका, ड्रायव्हर डेनिसच्या आरशाला लटकवलेला प्लास्टिकचा सूर्य. हे सगळं मी कुणाला दाखवत होते? तुलाच. भांडण तुझ्याशी आणि दाखवायचंही तुलाच, अशी माझी गत. मी स्वतःवरच चिडायची.

तर, मी विरघळले. बर्फासारखी असं म्हणत नाही, इथला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही.

पाडव्याला येते. लॅबमध्ये सुट्टी टाकली, माशांना बघायला लॅबमधलीच अंतरा तयार आहे. तिला सगळं समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की मासे कुणीही सांभाळू शकतं हे तुझं म्हणणं साफ चुकीचं आहे. तिने पहिल्याच दिवशी दोन टाक्यांची झाकणं उघडी ठेवली. हे मी तिकडे आल्यावर तोंडावर सांगणार आहे.

जांभळी पैठणी काढून ठेवली आहे. ब्लाऊज घट्ट होतोय. हसू नकोस.

काल डेनिसने पुलावर बस अगदी चालण्याच्या वेगाने आणली होती. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ पडलं नव्हतं, मागचं चाक सरकलं. कुणी कुणाला ओळखत नाही, पण शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या कोपराला धरलं आणि मी त्याच्या. त्याचा फोटो नाही काढला. काही फोटो काढायचे नसतात, हे तुला आता तरी पटावं.

गिरिजा


२३ फेब्रुवारी

शंतनू,

प्रीताने मुखपृष्ठाचं प्रूफ पाठवलं. "बघ ना, कसलं भारी आलंय!"

कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव आहे, सौ. गिरिजा शंतनू, मग आडनाव. माझ्या नावाला पुढे सौ. आणि मागे तू, अशी दोन्हीकडून पाचर मारली आहे, पण ते एक वेळ चाललं असतं. फोटोत बर्फ आहे, अंधार आहे, नारिंगी जाकीट आहे, पाटी आहे. काच स्वच्छ आहे. इतकी स्वच्छ काच मिशिगनच्या कुठल्याच बसला हिवाळ्यात नसते. हात नाही, चेहरा नाही, कानटोपी नाही. मी नाही.

मी प्रीताला विचारलं, हे काय केलंत? तिने बिचारीने सरळ सांगितलं. "अगं, काचेवर कुणाचं तरी रिफ्लेक्शन येत होतं, कव्हरवर डाग वाटायचा. मी शंतनूला विचारलं, ठेवू की काढू? तो म्हणाला, काढून टाका, बसमधली कुणी बाई आहे. आता ॲपमध्ये काय गं, बोट फिरवलं की गेलं."

बोट फिरवलं की गेलं!

मी ते वाक्य लॅबमध्ये वाचलं, बसमध्ये वाचलं, घरी येऊन बूटही न काढता वाचलं. फरशीवर पाणी झालं, होऊ दिलं.

मी फक्त एक विचारते, आणि यावर हात जोडून चालणार नाही. तू मला ओळखून काढून टाकलंस, की ओळखलंच नाहीस?

विचार करून उत्तर दे. घाई नाही. पैठणी परत ठेवली आहे.

गिरिजा


५ मार्च

शंतनू,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी तू फोन केलास, आणि खरं बोललास.

"गिरिजा, शप्पथ सांगतो, ती तू आहेस हे मला दिसलंच नाही. मला खरंच वाटलं, बसमधली कुणी बाई असेल."

मी फोन ठेवला, कारण बोलले असते तर शेजारच्यांनी पोलीस बोलावले असते. आता लिहिते.

तू खोटं बोलायला हवं होतंस. म्हणायचं होतंस, ओळखलं, पण तुझा चेहरा चारचौघांत नको म्हणून काढला. म्हणायचं होतंस, राग होता, म्हणून पुसलं. रागाने पुसलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते, आणि भांडायला दोन माणसं लागतात. पण तू मला बघितलंच नाहीस. रोज पार्किंगमध्ये गाडी बंद करून त्या फोटोकडे बघत होतास ना? काय बघत होतास? बर्फ? बर्फ काय, कुठलाही बघ, फुकट मिळतो. मी तुला बर्फ पाठवत नव्हते. जिवंत आहेस एवढं कळव म्हणालास, म्हणून मी कळवत होते, आणि त्या फोटोत तर मी स्वतः आले होते, तोंड दाखवायला. तुझ्या आईने विणलेली टोपी घालून! तशीच एक तुझ्या कपाटात आहे, जुळी. आई गेल्या त्या हिवाळ्यात तू ती उशाशी घेऊन झोपायचास. लोकर ओळखली नाहीस, गोंडा ओळखला नाहीस, आणि वीस वर्षांहून जास्त शेजारी झोपलेल्या बाईचं अर्धं तोंड ओळखलं नाहीस.

मी येत नाही. सुट्टी रद्द केली. कमिटीला मीच लिहिलं आहे, फोटो छापायचा असेल तर काचेतल्या बाईसकट छापा आणि नावापुढचं-मागचं सगळं काढून नुसतं गिरिजा लिहा, नाहीतर छापू नका. त्यांना काय वाटेल ते वाटो. प्रीता म्हणाली, "अगं, एवढ्याशा गोष्टीवरून?" मी म्हटलं, एवढीशीच आहे मी त्यात. तेवढी तरी ठेवा.

अजून एक सांगते, आणि हे तुला मुद्दाम सांगते.

मूळ फोटोची मोठी प्रिंट काढून घेतली आणि काल सकाळी शाळेच्या कोपऱ्यावर उतरले. माझ्याखालोखाल त्या फोटोवर कुणाचा हक्क असेल तर त्या पाटीवाल्या बाईचा. नाव कॅरल तिचं. जवळून पाहिली तर माझ्यापेक्षा बरीच मोठी, भुवयांवर दव गोठलेलं. मुलं जात होती, म्हणून मी थांबले. मग प्रिंट दिली. तिने हातमोज्यांनीच धरली, लांब करून बघितली, आणि हसतच सुटली. "ओह लॉर्ड, द स्नो डे! नोबडी टोल्ड मी!" तिच्या सगळ्या जाकिटाला हसू आलं होतं. मग प्रिंट डोळ्यांजवळ नेली. काचेच्या त्या डागावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्याकडे.

"दॅट्स यू. आय नो दॅट हॅट, हनी. यू वाइप द विंडो एव्हरी मॉर्निंग."

शंतनू, ती रस्त्यावर असते. बर्फ पडत असतो, अंधार असतो, काच मिठाने माखलेली असते, बस थांबते ती सिग्नलपुरती. मी तिच्याशी कधी एक शब्द बोललेले नाही. आणि तिला मी माहीत आहे.

तिथेच रडले मी. मुलं बघत होती. कॅरलने एका हाताने गाड्या थांबवल्या आणि दुसऱ्या हाताने मला धरलं, आणि रस्ता ओलांडून दिला. मला पलीकडे जायचंच नव्हतं, पण गेले.

आजपासून फोटो येणार नाहीत. जिवंत आहे. हे शेवटचं कळवते.

गिरिजा


२० मार्च

शंतनू,

काल पाडवा झाला. मी बाल्कनीत छोटी गुढी उभारली, वाऱ्याने दोनदा पडली, तिसऱ्यांदा झाडूच्या दांड्याला आधार देऊन बांधली. मग लॅबला गेले.

तुमची दिनदर्शिका निघाली, प्रीताने पाठवली. मुखपृष्ठावर चेरीची फुलं आहेत, कुणाच्या तरी अंगणातली. छान आहेत. कमिटीला शेवटपर्यंत काचेतली बाई चालली नाही, आणि मला तिच्याशिवाय चालणार नव्हतं. ठीक आहे. आत काही नाही जळालं माझं, उलट बरं वाटलं.

तुझा फोन आला होता. "चारचौघांत माझी शोभा झाली. संक्रांतीला सत्कार आणि पाडव्याला फोटोच गायब, लोक विचारतात, मी काय सांगू?" त्याचं उत्तर आता देते. सांग त्यांना, बसमधल्या कुणा बाईने परत नेला.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही.

आज सकाळी बसमध्ये तुझा मेसेज आला. तुमचं घड्याळ आमच्यामागे तीन तास, तुझ्याकडे तेव्हा पहाटच असणार, म्हणजे झोप लागली नव्हती. दोनच शब्द.

"फोटो नाही?"

निळ्या टिकांच्या पलीकडून, दोन हिवाळ्यांनी, पहिल्यांदा तू मला सकाळच्या फोटोबद्दल काहीतरी विचारलंस. आधी मला हसू आलं, मग इतका राग आला की मी फोन खिशात टाकला. आत्ता विचारतोस? येत होते तेव्हा नाही, नाहीत तेव्हा?

मग राग थोडा बसला. सगळा नाही, त्याची वाट बघू नकोस.

तर ऐक. फोटो आहे. रोज आहे. बंद केलं ते पाठवणं, काढणं नव्हे. मार्च संपत आला तरी आज पुन्हा बर्फ आला, भुरभुरता, आणि शाळेच्या कोपऱ्यावर बस थांबली तेव्हा कॅरलने पाटी उंच करून मला दाखवली. पाटीच्या मागच्या बाजूला तिने माझी प्रिंट चिकटवली आहे. तिथल्या तिथे मी तिचा फोटो काढला. काचेवर मी आले आहे, या वेळी अख्खी, आणि हसतेय.

तुला तो पाठवणार नाही. बघायचा असेल तर इकडे ये. गाडी तिकडेच ठेव. पहाटे उठून, तुझ्या कपाटातली जुळी टोपी घालून माझ्याबरोबर थांब्यावर उभा राहा, पाय गारठू देत, आणि बस आली की माझ्या शेजारी बस.

खिडकीशी मी बसणार.

गिरिजा